बोरिवलीच्या जंगलात पाच मुक्काम : पक्षी बघण्याची एक संथ पद्धत

पहिली दोन वर्षं मी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात पक्षी बघायला जाते असं सगळ्यांना सांगायचे. प्रत्यक्षात मी चालायला जात होते. मुख्य गेटपासून कान्हेरीपर्यंत डांबरी रस्त्याने सहा-सात किलोमीटर, तेवढंच परत, गळ्यात दुर्बीण आणि वहीत जेमतेम आठ-दहा नावं. एका डिसेंबरात आत्या बरोबर आली. तिचा गुडघा तेव्हा नुकताच कुरकुरायला लागला होता. रस्त्यालगतच्या एका मोरीच्या कठड्यावर ती बसली आणि म्हणाली, "अगं, तू जाऊन ये. मी इथेच आहे." पाऊण तासाने मी नऊ पक्षी नोंदवून परत आले. तिने बसल्या जागी बोटांवर सोळा मोजले होते. नाव एकाचंही माहीत नव्हतं. "एक चॉकलेटी आला होता, सारखी शेपटी वर करणारा. तुझ्या पुस्तकात बघ कोण ते."

त्यानंतर मी चालणं कमी केलं. आता एका सकाळी पाच मुक्काम करते, प्रत्येक वेगळ्या प्रकारच्या जागी, आणि प्रत्येक ठिकाणी निदान वीस मिनिटं बूड टेकून बसते. पक्षी शोधायचा नाही. जागा शोधायची: इथे पाणी आहे का, फळ आहे का, फूल, वाळकं खोड, कातळ काय आहे? ज्याला ते हवंय तो तिथे येतोच.

या पद्धतीला हे जंगल फार सोयीचं आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं हे रान मुंबई आणि ठाण्याच्या मधोमध टिकलं, त्यामागे पाण्याचा मोठा वाटा आहे. विहार तलाव १८६० मध्ये झाला, तुळशी १८७९ मध्ये, आणि शहराच्या पिण्याच्या पाण्याचं पाणलोट म्हणून भोवतालचं जंगल राखलं गेलं. त्यामुळे बागेची कड, नदी, बांबू, मिश्र पानझडी जंगल आणि उघडा कातळ हे सगळं एकाच सकाळच्या टप्प्यात येतं.

निघण्याआधी

सोमवारी उद्यान बंद असतं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरीही दर सोमवारी गेटवर कोणीतरी दुर्बीण घेऊन उभं असतं. (एकदा मी होते.) सर्वसाधारण प्रवेश साधारण साडेसातला सुरू होतो, पण वेळा आणि तिकिटाचे दर बदलतात, म्हणून आदल्या दिवशी पाहून घ्या. जानेवारीत मुंबईचा सूर्योदयच सव्वासातच्या आसपास असतो, त्यामुळे हिवाळ्यात साडेसात म्हणजे अगदी मोक्याची वेळ. मे महिन्यात मात्र सहालाच उजाडतं आणि साडेनऊपर्यंत पक्षी गप्प होतात. तेव्हा दुपारी चारनंतर जाणं बरं.

शिलोंड्यासारख्या आतल्या पायवाटांवर परवानगी आणि मार्गदर्शकाशिवाय जाता येत नाही. गेटजवळच्या निसर्ग माहिती केंद्रात चौकशी करा. पण हा लेख मुख्य रस्ता आणि कान्हेरी एवढ्यावरच भागवतो. तेवढ्यात पाचही मुक्काम होतात.

दुर्बीण ८ x ४२ किंवा ८ x ४० घ्या. पहिला आकडा म्हणजे किती पट मोठं दिसेल, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी कळते: ८ x ४२ मध्ये सव्वापाच मिलिमीटर, खिशातल्या १० x २५ मध्ये फक्त अडीच. झाडोऱ्याच्या सावलीत हा फरक लगेच जाणवतो. दहापट दुर्बिणीत हाताची थरथरही दहापट होते, हे दुकानात सांगत नाहीत.

विकत घेतल्यावर एकदा नीट जुळवून घ्यायची असते. बहुतेक लोक हे कधीच करत नाहीत आणि मग "माझी दुर्बीण धूसर आहे" म्हणतात. उजवा डोळा मिटा, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला समोरची पाटी स्पष्ट करा. मग डावा मिटा, आणि मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करा. ती कडी कुठे थांबली त्यावर पेनाने खूण करा. यापुढे फक्त मधलं चाक. चष्मा असेल तर डोळ्यांकडच्या रबरी कडा आत दाबून ठेवायच्या.

पक्षी दिसला की नजर त्याच्यावरच ठेवून दुर्बीण डोळ्यांवर आणायची. आधी दुर्बीण लावून मग झाडात शोधायला गेलात तर फक्त पानं दिसतील. सोबत कोणी असेल तर झाडाला घड्याळाची तबकडी समजून सांगा: "दोन वाजता, खोडापासून हातभर बाहेर." "तो बघ, तिकडे, त्या फांदीवर" याने आजवर कुणाला काही दिसलेलं नाही.

बाकी सामान थोडंच: मळकट रंगाचे कपडे, टोपी, पाणी, वही. खाणं पिशवीच्या आत, चेन लावून. माकडांना प्लास्टिकच्या पिशवीचा आवाज कळतो. कान्हेरीला माझ्या हातातला वडापाव इतक्या सफाईने गेला की मला राग यायच्या आधी हसू आलं.

बिबट्याबद्दल विचारणारच, म्हणून आत्ताच सांगते. हे त्याचं घर आहे. अंधारात, एकट्याने, झुडपात ओणवं होऊन काही करू नका, लहान मुलांना हाताशी ठेवा, रस्ता सोडू नका. पुढचे सगळे मुक्काम रस्त्याच्या कडेचे आहेत ते याचमुळे.

पहिला मुक्काम : बागेची कड

गेटच्या आतली मोठी झाडं, हिरवळ, वर्दळ. जाणते लोक हा भाग ओलांडून भराभर पुढे जातात. नवख्यांनी इथे अर्धा तास काढावा, कारण इथले पक्षी माणसांना सरावलेले असतात आणि जवळून दिसतात. दयाळ, लालबुड्या बुलबुल, शिंपी, तांबट, शिंजीर, टकाचोर. भारद्वाज जमिनीवरून पोक्त माणसासारखा चालत जाताना दिसला तर दिवस चांगला जातो असं आत्याचं म्हणणं आहे. माझी आकडेवारी तिच्या बाजूने नाही, पण मी वाद घालत नाही.

इथे करायचं काम एकच: कान लावणं. तांबटाची "टुक, टुक, टुक" ही तांब्याच्या भांड्यावर ठोके मारल्यासारखी हाक ओळखा. तो डोकं इकडेतिकडे वळवत ओरडतो, त्यामुळे आवाज भलत्याच दिशेने आल्यासारखा वाटतो. शिंप्याचा "टुविट टुविट" त्याच्या आकाराच्या मानाने फारच मोठा. हे पाच-सहा आवाज पाठ झाले की पुढे जंगलात जो आवाज यांपैकी नाही, त्याच्याकडेच लक्ष जातं. कानाचा निम्मा अभ्यास म्हणजे नेहमीच्यांना वगळता येणं.

दुसरा मुक्काम : नदीचा काठ आणि बांबू

तुळशीच्या बाजूने येणारी दहिसर नदी याच जंगलातून खाली उतरते. पावसाळ्यात ती खळाळते आणि त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही. पक्ष्यांसाठी ती खरी उपयोगाची होते हिवाळ्याच्या शेवटी, पाणी आटून डबकी उरतात तेव्हा. फेब्रुवारी ते एप्रिल सावलीतलं एक डबकं निवडा, पुलाच्या किंवा मोरीच्या कठड्यावर बसा आणि हलू नका. सकाळी साडेआठ ते दहाच्या दरम्यान आंघोळीला येणाऱ्यांची रांग लागते.

तिथे स्वर्गीय नर्तक बघितला नसेल तर तेवढ्यासाठी जा. मोठा नर पांढराशुभ्र, डोकं काळं, आणि शेपटीत दोन लांब फिती. तो पाण्यावर सूर मारून परत फांदीवर येतो तेव्हा त्या फिती मागे राहिल्यासारख्या वाटतात. तांबूस रंगाचा दिसला तर मादी किंवा तरुण नर. टिकेलचा निळा माशीमार, खंड्या आणि हिवाळ्यात करडा धोबी ही या काठाची नेहमीची मंडळी. धोबी शेपटी वर-खाली हलवतो. जंगलाच्या सावलीत पाचोळ्यावर चालणारा एखादा शेपटी डावी-उजवीकडे हलवताना दिसला तर तो रानातला धोबी, हिवाळी पाहुणा.

बांबूच्या बेटाजवळ शामा ऐकायचा. दयाळाचाच भाऊबंद, पण पोट तांबडं, शेपटी लांब, आणि गळा असा की दयाळ त्यापुढे रियाजाला बसलेला वाटावा. तो दिसायला लाजरा आहे. आवाजाच्या मागे जाऊ नका, तुम्ही दोन पावलं टाकली की तो चार मागे सरकतो. बसून राहिलात तर उत्सुकतेने तोच पुढे येतो, हे मी अनेकदा अनुभवलं आहे.

तिसरा मुक्काम : दाट जंगल आणि मिश्र थवा

इथे नवखे हमखास कंटाळतात. साग, ऐन, कुंभा, करंज, खाली करवंदाच्या जाळ्या, आणि वीस मिनिटं एक पान हलत नाही. मग अचानक तीन मिनिटांत पंधरा पक्षी डोक्यावरून जातात आणि पुन्हा सगळं सामसूम.

हा मिश्र थवा. विशेषतः हिवाळ्यात वेगवेगळ्या जातींचे किडे खाणारे पक्षी एकत्र फिरतात. एकाने उडवलेला किडा दुसऱ्याला मिळतो, आणि जास्त डोळे असल्याने शिकाऱ्याचा धोका लवकर कळतो. थवा सतत पुढे सरकत असतो, त्यामुळे तुम्ही चालत असाल तर बहुतेक वेळा त्याच्या मागेच राहता.

थव्याची वर्दी आधी कानाला मिळते. बहुतेक वेळा ती भृंगराज देतो. काळा कुळकुळीत, शेपटीच्या दोन लांब तारांना टोकाला पानं लावल्यासारखी. हा पट्टीचा नकलाकार आहे. शिक्रा, सर्पगरुड, टकाचोर, सगळ्यांचे आवाज काढतो. मोबाइलवर मर्लिन अॅप आवाजावरून पक्षी ओळखतं आणि शिकायला ते उत्तम आहे, पण भृंगराजाने त्याला माझ्यादेखत चार वेळा फसवलं आहे. अॅपने सांगितलेलं नाव डोळ्यांनी पाहिल्याशिवाय वहीत लिहू नका. भृंगराज थव्याचा पहारेकरी आहे तसाच भामटाही. धोक्याची खोटी हाक देऊन दुसऱ्याच्या तोंडचा घास पळवणं त्याला चांगलं जमतं.

थवा आला की मोह होतो प्रत्येकाला ओळखण्याचा. तसं केलंत की एकही नीट दिसत नाही. मी असं करते: आधी दुर्बीण न लावता थवा कुठून कुठे चाललाय ते बघते, त्याच्या वाटेवरचं एक मोकळं झाड धरते, आणि मग दुर्बीण त्या झाडावरच रोखून ठेवते. एकेक जण तिथून जातोच. शेंड्याला निखार, नर शेंदरी आणि मादी पिवळी. मधल्या फांद्यांवर सुभग आणि हिरवट वटवट्या. खाली शेपटीचा पंखा उघडत-मिटत फिरणारा नाचण. खोडावर सुतार. कोणता मजला, हीच अर्धी ओळख असते.

सुताराबद्दल थोडं. टकटक ऐकू आली की मान वर करून सगळं झाड धुंडाळू नका. वाळकं खोड किंवा मेलेली फांदी शोधा, तो तिथे असण्याची शक्यता जास्त. आणि झाडावर मुंग्यांचं काळपट गोळ्यासारखं घरटं दिसलं तर जागा लक्षात ठेवा. तांबूस सुतार ते फोडून मुंग्या खातो, आणि विणीच्या काळात मुंग्या आत असतानाच त्याच गोळ्यात स्वतःचं घरटं करतो.

पावसाळा संपल्यावर इथे रस्त्यावर आडवी मोठ्या रानकोळ्यांची जाळी असतात, तोंडावर येतील एवढ्या उंचीला. कोळी काही करत नाही, पण किंचाळलात तर थवा जातो.

चौथा मुक्काम : फुललेलं किंवा फळलेलं झाड

हा मुक्काम ठरलेल्या जागी नसतो. तो दर महिन्याला हलतो, म्हणून तो मला सगळ्यात आवडतो. जानेवारीच्या शेवटापासून काटेसावर, मग पांगारा आणि पळस. पानं नाहीत, नुसती लाल-केशरी फुलं, त्यामुळे पक्षी उघड्यावर दिसतात. सावरीच्या एका झाडाखाली तासभर बसलात तर शिंजीर, कोतवाल, बुलबुल, मैना, भोरड्या, पोपट अशी वर्दळ दिसेल, आणि मारामाऱ्याही. सूर्य पाठीशी येईल अशा बाजूला बसा. समोरून उजेड असला तर सगळेच पक्षी काळे.

फळांसाठी वड, उंबर, पिंपळ. इथे हरियाल भेटतो, आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी. पिवळे पाय, पोपटी-राखाडी अंग, आणि पानांत असा मिसळतो की पन्नासांचा थवा समोर असून झाड रिकामं वाटतं. युक्ती अशी: वर बघू नका, खाली बघा. झाडाखाली टपटप फळं पडत असतील, वारा नसेल, तर वर कुणीतरी जेवत आहे. नजर एका फांदीवर धरून ठेवा, दोन मिनिटांत एक "पान" चालायला लागेल. थंडीत सकाळी ते वाळक्या शेंड्यावर ऊन खात बसतात, तेव्हा मात्र विनासायास दिसतात. राखी धनेशही याच झाडांवर येतो.

पाचवा मुक्काम : कान्हेरीचा कातळ

शेवटी बसने कान्हेरीला पोहोचा. लेण्यांचं तिकीट वेगळं. बसाल्टमध्ये कोरलेल्या शंभरावर गुंफा, आणि भोवती उघडा उतार. बहुतेक लोक आत बघतात, आपण बाहेर बघायचं.

हिवाळ्यात कातळाच्या टोकावर ताठ बसलेला निळा कस्तूर शोधा. उन्हात निळा, सावलीत नुसता करडा. मादी तपकिरी, खवल्यांच्या नक्षीची. गुंफांच्या तोंडाशी आणि कपारींवरून मातकट रंगाच्या पाकोळ्या गोल गोल फिरतात, त्यांची चिखलाची वाट्यांसारखी घरटी छताच्या आडोशाला असतात. आणि ऊन तापून हवा वर चढू लागली की सर्पगरुड. आधी त्याची लांबट शीळ ऐकू येते, मग वर पाहिलं की पंखांखाली पांढरा रुंद पट्टा. घारीची शेपटी खाचेची असते, याची गोलसर. एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे.

पावसाळ्यात इथलं पाणी कातळावरून वाहतं तेव्हा शीळकरी कस्तूर गातो. कुणीतरी पोरगं सूर विसरून पुन्हा पुन्हा तीच ओळ शिट्टीवर म्हणतंय असं वाटतं. कातळ निसरडा असतो, वर बघत चालू नका.

तलावातले पक्षी यात आलेले नाहीत. तुळशी-विहारच्या काठावर मोकळं फिरता येत नाही. कमळपक्षी आणि पाणकोंबड्यांसाठी पवईचा तलाव गाठा.

कधी काय

ऑक्टोबर ते मार्च हा पक्ष्यांचा मुख्य काळ, पाहुणे असतात आणि पुढे पानगळीने झाडं मोकळी होतात. एप्रिल-मे मध्ये पावशा "पेर्ते व्हा" म्हणून डोकं उठवतो. मेअखेर आणि जूनमध्ये नवरंग येतो, आणि त्याच्यासाठी मी घाम, डास, छत्री सगळं सहन करते. पहाटे आणि संध्याकाळी दोन सुरांची शीळ घालतो, एरवी पाचोळ्यात उड्या मारत किडे शोधतो. पावसाळ्यात तो इथे वीण करतो. म्हणूनच त्याचा आवाज मोबाइलवर वाजवून त्याला बाहेर काढू नका. त्याला वाटतं दुसरा नर हद्दीत घुसला, आणि घरट्याचं काम सोडून तो भांडायला येतो. घरट्याचे फोटो नकोत, आणि घरट्याची जागा कुणालाही, अगदी व्हॉट्सअॅप ग्रुपवरही, सांगायला नको.

वही

नाव शेवटी लिहा. आधी लिहायचं: वेळ, जागा, झाडाचा कोणता मजला, आकार (चिमणीपेक्षा लहान, साळुंकीएवढा, कावळ्याएवढा), चोच, शेपटी, काय करत होता. रंग त्यानंतर, कारण रंग उजेडाप्रमाणे बदलतो. आत्याच्या त्या चॉकलेटी पाहुण्याचं नाव मला रंगावरून कधीच सापडलं नसतं. पुढच्या हिवाळ्यात त्याच मोरीवर बसले तेव्हा तो दिसला: शेपटी झटक्याने वर, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना पांढरं. लाल कंठाच्या माशीमाराची मादी, जिच्या कंठावर लाल नसतंच. आत्याला फोन केला. ती म्हणाली, "एवढं लांबलचक नाव कोण घेणार? चॉकलेटीच बरा."

घरी आल्यावर यादी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. न ओळखलेल्या पक्ष्यांना दडपून नावं ठोकू नका, तिथे "अनोळखी माशीमार" लिहिण्याची सोय असते. दिसलेली संख्याही लिहा, नुसती टिक नको. एकाच जागेची दर महिन्याची नोंद दोन वर्षं ठेवलीत की कोणता पाहुणा कोणत्या आठवड्यात येतो ते तुमच्याच वहीत दिसू लागतं.

बोरिवली लांब पडत असेल तर सरावासाठी माहीम-धारावीचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान चांगलं आहे. एकेकाळच्या कचऱ्याच्या जागेवर वाढवलेलं ते ३७ एकरांचं रान, पहिला आणि चौथा मुक्काम तिथेही होतात. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्याचा पक्षी सप्ताह. पहिला दिवस मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, शेवटचा सलीम अलींचा. त्या आठवड्यात बऱ्याच पदभ्रमंत्या निघतात, नवख्यांनी एखादीला जरूर जावं, ओळखी होतात. मी मात्र तेरा तारखेला जाते, तेरा सोमवार नसेल तर.